निरभ्र आकाशाखाली बोट बंद

पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, याबद्दल कोणा मुंबईकराने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, कारण आभाळ भरून आलेले असते, समुद्र मातकट होऊन उसळत असतो आणि बोट का सुटत नाही हे शेंबड्या पोरालाही कळते. ग्रीसच्या नाक्सोस बेटावर मात्र ऑगस्टमधल्या एका लख्ख सकाळी, आकाशात औषधालाही ढग नसताना, आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी कॉफीचा कप पुढे सरकवत आज सँटोरिनीची बोट सुटणार नाही असे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर एरवी आमच्या दूधवाल्यासाठी राखीव असते.

गुन्हेगार होता मेल्तेमी नावाचा वारा. बाल्कन देशांवर हवेचा दाब वाढला आणि तुर्कस्तानच्या पठारावर तो घटला की हा वारा उत्तरेकडून एजियन समुद्रावर उतरतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधीकधी दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो. ढग नाही, पाऊस नाही, नुसता कोरडा वारा. त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी, की तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनला ओढून आणणाऱ्या आशियातल्या कमी दाबाच्या प्रदेशाचेच पश्चिमेकडे लांबलेले शेपूट आहे. म्हणजे ज्या पावसाळ्याला कंटाळून, रजेसाठी साहेबांची मनधरणी करून आणि व्हिसासाठी बँकेच्या कागदांची चळत जमवून आम्ही इतक्या लांब आलो होतो, त्यानेच इथे येऊन आमची बोट अडवली होती. मांडव्याची बोट चुकली तर निदान कांदाभजी तरी मिळतात.

फ्रान्सिस बोफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्यासाठी 0 ते 12 असे एक माप ठरवले, आणि ते माप या बेटांवर किराणा दुकानदारापासून पाववाल्या बाईपर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. आकडा साधारण 8 वर, म्हणजे वारा ताशी 62 किलोमीटरच्या पुढे गेला, की बंदर पोलीस बोटींना सुटायला मनाई करतात; हलक्या आणि वेगवान कॅटामरान बोटी तर त्याआधीच नांगर टाकून बसतात. दुसऱ्या दिवशी डोळे उघडताच सासूबाईंनी विचारले, "अगं, आज उतरला का गं थोडा?" तो 6 पर्यंत उतरला होता, आणि मोठी बोट येणार होती.

येणार होती, एवढेच. नाक्सोसच्या बंदराशेजारी पोर्तारा नावाचा संगमरवरी दरवाजा एकटाच उभा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलोचे देऊळ बांधायला घेतले, ते कधी पुरे झाले नाही, आणि दाराची चौकट तेवढी राहिली. अडीच हजार वर्षे अपुऱ्या देवळाकडे पाहत आलेल्या गावाला दीड तास उशिरा येणाऱ्या बोटीचे काय वाटणार? धक्क्यावरचे निम्मे लोक मोबाइलवर जहाजांचे थेट ठिकाण दाखवणाऱ्या नकाशात डोके घालून बसले होते. नकाशावर आमची बोट म्हणजे एक इवलासा बाण होता, आणि तो पारोस बेटाजवळ इतका वेळ स्वस्थ पडून होता की नवऱ्याने फोन दोनदा बंद करून चालू केला.

एकदाची बोट आली, आणि मग मात्र घाईला पारावार उरला नाही. ती नांगर सोडत उलटी, पाठीने धक्क्याकडे सरकते, मागचा लोखंडी उतार साखळ्यांवरून खडखडत खाली येतो, बंदर पोलीस शिट्ट्या फुंकतात, आणि उतरणारे प्रवासी, चढणारे प्रवासी, बटाट्याचे ट्रक व मोटारसायकली या सर्वांना एकाच दारातून एकाच क्षणी जायचे असते. बॅगा आपण उचलून आत बेटांच्या नावांच्या कप्प्यांत टाकायच्या. सासूबाईंनी आमच्या तिन्ही बॅगा सँटोरिनीच्या कप्प्यात कोपऱ्याला लावून घेतल्या आणि कोणा जर्मन तरुणाची भली मोठी पाठपिशवी न विचारता वर चढवून ठेवली.

बंदर सोडताच नवऱ्याला बोट लागली. खलाशी कागदी पिशव्या वाटत फिरत होता, आणि त्याने नवऱ्याला न मागता दोन दिल्या. सासूबाई मात्र खिडकीशी ताठ बसून दशमी खात होत्या. लहानपणी त्या कोकणच्या आगबोटीने वेंगुर्ल्याला जात. बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारूंना हलत्या शिडीवरून खाली डुचमळणाऱ्या पडावात उतरावे लागे. "त्याच्यापुढे हे काहीच नाही रे," असे मुलाला सांगून त्यांनी 1947 साली बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट काढली. मी घाईघाईने त्यांच्या हातात चहा दिला.

सुमारे दोन तासांनी घोषणा झाली की सँटोरिनीच्या प्रवाशांनी खाली गाड्यांच्या मजल्यावर जावे. त्या अंधाऱ्या लोखंडी पोटात आम्ही शेकडो माणसे, ट्रकांच्या चाकांना चिकटून, डिझेलचा धूर गिळत उभी राहिलो. बोट अजून चालत असतानाच समोरची भिंत वरून कलू लागली, उन्हाची एक पट्टी आली, ती रुंदावत गेली, आणि तिच्यात आधी आभाळ, मग तीनशे मीटर उंच कडा आणि शेवटी अथिनिओसचा धक्का दिसला. उताराचे टोक टेकले न टेकले तोच गर्दी सुटली. सासूबाई पदर खोचून पहिल्या दहांत बाहेर पडल्या.

धक्क्यावर पत्र्याच्या सावलीत पुढच्या बेटांना जाणाऱ्यांची रांग होती. त्यांतल्या एका बाईंनी समुद्र कसा आहे म्हणून विचारले, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून उत्तराची वाट न पाहता त्या खाली बसल्या. सासूबाईंना त्यांची कणव आली. त्यांनी पर्समधला डबा काढून बाईंना, त्यांच्या मुलांना आणि मागच्या दोन अनोळखी म्हाताऱ्यांनाही आलेपाकाच्या वड्या वाटल्या. मग आम्ही कड्यावर नागमोडी चढणाऱ्या बसमध्ये बसलो, आणि दुसऱ्या वळणावर नवऱ्याने क्षीण आवाजात म्हटले, "आई, एक वडी दे ना."

"संपल्या रे," सासूबाई म्हणाल्या, "अजून एक कागदी पिशवी आहे ना तुझ्याकडे?"