‘कोळशाचा दलाल’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, सौर वीज आणि कोळशाच्या वीजकेंद्रांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी : "विदर्भात एवढं ऊन आहे, चंद्रपूर-कोराडी बंद करा अन् सगळीकडे पॅनल लावा. एसीत बसणाऱ्या कोळशाच्या दलालांना रात्रीचं ओलित काय कळणार?"

मतभेद असू द्या, पण ही काय भाषा झाली? 33/11 केव्ही सबस्टेशनवर मी 22 वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत. ओलित मला शिकवू नका.

एक मान्य. 1 मेगावॉट पॅनलला मी पाच एकर जमीन लिहिली होती. आताच्या जास्त वॅटच्या पॅनलला चार पुरतात. दिवसाच्या ओलिताला सौर फिडर (शेतीपंपांची सौर विजेवरची वाहिनी) हवाच, हे तर मूळ लेखातच होतं. तुम्ही तो पूर्ण वाचलेला दिसत नाही.

आता ‘एवढं ऊन’. मे महिन्यात पॅनल 65-70 अंशांपर्यंत तापतं. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के ताकद घटते, म्हणजे ऐन दुपारी सातवा हिस्सा गेला. आणि कूलर चालतो रात्री! एका सबस्टेशनखाली 200 वॅटचे पाच हजार कूलर धरा : 1 मेगावॉट. दहा तासांचे 10 हजार युनिट. बॅटरीत भरताना-काढताना 15 टक्के जातात, म्हणून भरायचे पावणेबारा हजार. 1 मेगावॉट पॅनल मे महिन्यात दिवसाला पाच हजारांच्या आसपास देतं. म्हणजे नुसत्या कूलरसाठी जवळपास अडीच मेगावॉट. दिवसाचा भार वेगळाच.

खरी अडचण पुढेच आहे. जुलैच्या झडीत रात्रीचा भार निम्मा धरला तरी ढगाळ दिवशी तेच पॅनल दीड हजार युनिटवर येतं. आता लागतात 4 मेगावॉट. निम्म्या भाराला जास्त पॅनल! झड तीन दिवस लांबली की बॅटरी भरतच नाही. क्षमता ठरते ती अशा तीन दिवसांवर, वर्षाच्या सरासरीवर नाही. कोळशाचा 500 मेगावॉटचा संच दुपारी सौर वीज असतानाही बंद न करता 55 टक्क्यांवर, म्हणजे 275 वर आणून ठेवतात तो याचसाठी. पूर्ण थंड पडलेला संच पुन्हा जोडायला आठ-दहा तास सहज जातात. सायंकाळी बटण दाबलं आणि वीज आली, असं होत नाही.

प्रतिक्रियेत पुढे कोळशाच्या राखेचं, वीजदराचं जे लिहिलंत त्यावर आज बोलत नाही.

झडीच्या त्या तीन दिवसांचा हिशेब मांडून पाठवा, जसाच्या तसा छापतो. ‘दलाल’ हा शब्द मात्र लेखाखालच्या तुमच्या प्रतिक्रियेतून काढला आहे.