घरी सांगून निघा

हल्ली वाहनचालक सायकलवाल्यांशी फार सौजन्याने वागतात, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही. दोष तुमचा आहे. सौजन्य काही समोर येऊन हात जोडत नाही. पुण्यात तर ते मागून येतं, आणि येताना हॉर्न वाजवतं.

मी कॉलेजात असताना कोथरूडहून सायकलने जायचो. मधली वीसेक वर्षं स्कूटरवर गेली, मग रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी पुन्हा सायकलवर बसवलं. त्यामुळे तुलना करायचा अधिकार माझ्याकडे आहे. १९९०च्या आसपास कर्वे रस्त्यावर ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत विचारायचा, “ए, घरी सांगून आलायस का?” टेम्पोवाले माझ्या डोळ्यांची चौकशी करत, रिक्षावाले वडिलांची. आज यातलं काही म्हणजे काही कानावर पडत नाही. काचा वर असतात आणि एसी चालू असतो. आतला माणूस बोलतोच आहे, ओठ हलताना दिसतात, हातसुद्धा. पण आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त अभिनय. पुणेकरांच्या तोंडातली भाषा सुधारायला ज्या शाळांनी जन्म घालवला, त्यांनी हा उपाय आधी करून पाहायला हवा होता.

तेव्हा तक्रारी सोडा आणि मिळतंय ते सौजन्य ओळखायला शिका. सुरुवात हॉर्नपासून करा.

नवशिका सायकलवाला सगळे हॉर्न एकाच मापाने मोजतो आणि उगाच मनाला लावून घेतो. आखूड, एकच ‘पिप’ म्हणजे ‘मी मागे आहे’. ही निव्वळ माहिती आहे. पूर्वी ती मिळवायला मान वळवावी लागायची. ‘पिप पिप’ म्हणजे मी मागे आहे आणि थोड्याच वेळात तुझ्या जागी असेन. लांबलचक ‘पॅंऽऽ’ सिग्नलला ऐकू येतो. सिग्नल लाल असतो, आकडे उलटे मोजले जात असतात, सहा, पाच, चार, आणि तरीही तुम्ही निर्लज्जासारखे एक पाय जमिनीवर टेकवून उभेच, त्याचं हे आश्चर्य आहे. एखादा हॉर्न सुरू होतो तो थांबतच नाही. तिथे चालकाचा तुमच्यावर राग वगैरे नसतो. त्याची नजर मोबाइलवर असते, अंगठा हॉर्नवर विसरलेला असतो. अशा वेळी वळून रागाने बघू नका, त्याचं लक्ष विचलित होईल.

खांद्याला चौकोनी पेटी लावून जेवण पोचवणारी मुलं हॉर्न वाजवतात तो मात्र मी हॉर्नमध्ये धरत नाही. तो श्वास आहे.

आता जागेचं बघू. इंग्रज लोक यात फार मागासलेले आहेत. त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमावलीत, जानेवारी २०२२ पासून लिहिलंय की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलवाल्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवा, वेग त्याहून जास्त असेल तर आणखी. दीड मीटर! आपल्या रिक्षेची रुंदी साधारण एक मीटर तीस सेंटिमीटर असते. म्हणजे माझ्या कोपरापासून दीड मीटर जागा कोणी रिकामी सोडली तर तिच्यात एक अख्खी रिक्षा बसते. आणि आपल्याकडे जी बसते, ती बसवलीच जाते. पुण्यातल्या मोटारवाल्याने मला चार बोटं खेटून जाण्यामागे हा विचार असतो. त्याने जास्त जागा सोडली असती तर ती माझ्या वाट्याला आलीच नसती.

जागा वाढवून घ्यायचीच असेल तर शास्त्राचा आधार घ्या. इयान वॉकर नावाचे बाथ विद्यापीठातले एक मानसशास्त्रज्ञ २००६ साली सायकलला अंतर मोजायचं यंत्र बांधून इंग्लंडातल्या रस्त्यांवर हिंडले. दोन हजारांहून जास्त गाड्यांनी त्यांना ओलांडलं. डोक्यावर हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. याच प्रयोगात एकदा बसने आणि एकदा ट्रकने त्यांना धडकही दिली, दोन्ही वेळा हेल्मेट होतं. हेल्मेटच्या आकड्यावरून संशोधकांत पुढे वाद झाला, तो त्यांना घालू दे. मला रस आहे टोपात. कारण वॉकर यांनी मागून बाई वाटावी म्हणून लांब केसांचा टोपही घालून पाहिला, आणि टोप चढवल्याबरोबर गाड्या सरासरी चौदा सेंटिमीटर लांबून जायला लागल्या.

चौदा सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितेहून जास्त. मी त्याच संध्याकाळी बायकोला म्हटलं, एक टोप आणू, वर मोगऱ्याचा गजरा माळू. हेल्मेट काढायचं नाही, त्याच्यावरूनच टोप चढवायचा. ती दोन वर्षं सायकलने नोकरीला जात होती, नंतर तिने सोडलं. म्हणाली, “पुण्यात बाईच्या सायकलला जागा जास्त मिळत नाही. सोबत जास्त मिळते. गाडी हळू करतात आणि शेजारून चालवतात.” मग टोपाचा विषय मी पुढे नेला नाही.

पण वॉकर हटणारे गृहस्थ नव्हेत. पुढच्या प्रयोगात सात निरनिराळे पोशाख घालून पुन्हा मोजमाप झालं. पाठीवर ‘नवशिका सायकलस्वार’ अशी अक्षरं लावली, कोणी दया दाखवली नाही. मग ‘पोलाइट’, म्हणजे सभ्य, हा शब्द घाईत ‘पोलीस’ वाचला जावा अशा बेताने लिहिला. इंग्रजीत या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. तरी काही नाही. शेवटी एका जाकिटावर खरोखरच ‘पोलीस’ हा शब्द आला, सोबत कॅमेरा चालू असल्याची सूचना, तेव्हा कुठे पाचेक सेंटिमीटर पदरात पडले. आणि अंगात काहीही घाला, शंभरातले एक-दोन चालक पन्नास सेंटिमीटरच्या आतून गेलेच.

यावरून लगेच रंगाचा डबा घेऊन बसू नका. आपल्याकडे ‘पोलीस’ ही अक्षरं ज्यांचा पोलिसांशी संबंध पावती फाडण्यापुरता आहे, अशांच्या दुचाक्यांवरही झळकतात, त्यामुळे त्यांचा दर उतरला आहे. पाठीवर ‘साहेबांचा माणूस’ असं लिहून घ्या. कुठल्या साहेबांचा, ते लिहू नका. मागच्या प्रत्येकाला आपापला साहेब आठवेल आणि पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

उभ्या मोटारींबद्दल थोडंसंच. उभी मोटार धोकादायक नसते, तिच्यात बसलेला माणूस उतरणार असतो तेवढंच. दार उघडताना लांबच्या हाताने उघडावं, म्हणजे अंग वळतं आणि मागून कोण येतंय ते दिसतं, ही डच लोकांची युक्ती आपल्याकडे चालायची नाही, कारण आपल्या लांबच्या हातात मोबाइल असतो. त्यापेक्षा तुम्हीच मागच्या काचेतून डोकी मोजत चला. उजवीकडचं डोकं खाली वाकलं की ते चपला शोधतंय असं समजा आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू करा.

काही जण म्हणतील, पण सायकल ट्रॅक आहेत की! आहेत ना. २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली मार्गिका, आली तेव्हा तिच्याबरोबर तेही आले. २०१७ साली महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. त्या ट्रॅकवर आज पुण्यातलं सगळं आहे. विजेची डीपी आहे, वडापावची गाडी आहे, रसवंतीचं गुऱ्हाळ आहे, बसायला बाकडं आहे, सावलीला गुलमोहर आहे, आणि इमारतीचं काम चाललं असेल तर वाळू. सोसायटीबाहेरच्या मोटारी तिथे इतक्या नीट, एका रेषेत लावलेल्या असतात की पट्टे कोणासाठी मारले होते याविषयी शंका उरत नाही. हा अडथळा नाही हो. तुमच्यासाठी आखलेली अरुंद गल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली आणि तुम्हाला अख्खा राजमार्ग मोकळा करून दिला.

ट्रॅकवर समोरून, म्हणजे उलट्या दिशेने, स्कूटर आली तर नियम वगैरे काढू नका. नियम आहे. १९८९च्या रस्ता नियमावलीतच लिहून ठेवलं होतं की पदपथावर किंवा सायकलमार्गावर गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय वाहन चालवू नये. स्कूटरवाला मान वळवून इकडे तिकडे बघतो. गणवेश दिसत नाही. म्हणजे परवानगी नाकारायला कोणी हजर नाही. आता तुम्ही मध्ये बोलणारे कोण?

(रविवारी मी घरच्यांना घेऊन मोटार काढतो. तेव्हा हे सायकलवाले मध्येच कुठून उगवतात, देव जाणे. दोन पिप दिल्याशिवाय हलत नाहीत.)

खरा सल्ला आता ऐका: सायकल बदला. माझा एक मित्र रविवारी पहाटे खडकवासल्याकडे जातो. त्याची सायकल दीड लाखाची, एका बोटावर उचलता येते. अंगाला घट्ट कपडे, डोळ्यांना चष्मा, पायात पॅडलला अडकणारे बूट. त्याच्याशेजारी भल्यामोठ्या गाड्या स्वतःहून हळू होतात, काच खाली येते आणि आतून आवाज येतो, “सर, केवढ्याला पडली?” तो आकडा सांगतो. काच वर जाते, गाडी अदबीने, चांगली हातभर लांबून निघून जाते. गाडीवाल्याने ओळखलेलं असतं की याच्याकडेही एक गाडी आहे आणि आज ती त्याने स्वखुशीने घरी ठेवली आहे.

आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमनही सायकलने येतो. धायरीहून. काळी सायकल, हँडलला जेवणाचा डबा, पँटच्या पायाला रबर. सिंहगड रस्त्यावरून रोज रात्री येताना त्याला आजवर एकानेही सायकलची किंमत विचारलेली नाही. मागचा लाल दिवा त्याने दोनदा बसवला, दोन्ही वेळा चोरीला गेला. प्रत्येक चौकात तो उतरतो, सायकल हातात धरतो, कडेने चालत पलीकडे जातो आणि पुन्हा बसतो. एकदा त्याला म्हटलं, गाडीवाले हल्ली जरा बरे वागतात, नाही का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच पाण्याच्या टाकीची चौकशी केली. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. सायकलवर किती होते तेही त्यात असतं. त्यांतल्या कितींच्या सायकलीला गिअर होते, तो रकाना नसतो.

इतकं सगळं असूनही सौजन्य खरंच वाढलंय का, अशी शंका असेल तर परवाचंच सांगतो.

संध्याकाळची वेळ, टिळक रस्ता, पाऊस नुकता थांबलेला. मला उजवीकडच्या गल्लीत वळायचं होतं आणि मी रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडची वाहतूक अंगावर घेत, एक पाय टेकून उभा होतो. समोरून बस आली. आणि थांबली. थांबा नव्हता, सिग्नल नव्हता, खड्डाही नव्हता. चालकाने हात हलवून मला ‘जा’ अशी खूण केली.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग वाटलं, बस बंद पडली असणार; पण इंजिनाचा आवाज तर येत होता. त्याने पुन्हा हात हलवला. मीही हात हलवला, आधी तुम्ही, या अर्थाने. त्याने मान हलवली, मी मान हलवली. तोवर बसमागे रांग लागली आणि वर शिकवलेले सगळे हॉर्न एकदम वाजायला लागले, पिप, पिप पिप, पॅंऽऽ. बसमधल्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. शेवटी चालकाने काच सरकवली, कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि ओरडला,

“ओ काका! घरी सांगून आलायत का?”

आलायत म्हणाला. आलायस नाही, आलायत. मला भरून आलं. मी “हो, हो” म्हटलं आणि पॅडल मारलं. तेव्हा बसच्या डाव्या अंगाने, तिच्या आणि पदपथाच्या मधल्या दीड मीटरातून, एक रिक्षा येत होती.