एक कप चहा आणि ४५ कोटी डॉलर

मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींना गोवा सरकारने आणखी एक मुदतवाढ दिली, की आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटतो. मावशीचं मत ठरलेलं: जुगार तो जुगार, धर्मराजालाही सुटला नाही, बंद करा. तिचा मुलगा सावंतवाडीहून मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो आणि पणजीला कॅसिनोत जाणारे मुंबई-पुण्याचे लोक हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. तो मला मध्ये ओढतो. "ताई, थय कॅसिनो बंद हत काय? मगे हयच कित्याक बोंब?"

इथे, म्हणजे मेलबर्नला, कॅसिनो अजिबात बंद नाही. यारा नदीच्या काठावर क्राऊन नावाचं अवाढव्य प्रकरण आहे, त्यात अडीच हजारांहून जास्त पोकी, म्हणजे पैसे टाकून खेळायची जुगाराची मशीनं आहेत. वर गल्लोगल्लीच्या पबांत आणि क्लबांत वेगळी मशीनं आहेतच. माणशी जुगारात पैसे घालवण्यात ऑस्ट्रेलियाचा नंबर जगात सगळ्यात वरचा धरतात. त्यामुळे इथे बसून गोव्याला शहाणपण शिकवायचं म्हणजे ज्याच्या घरात दारूचं दुकान आहे त्याने व्यसनमुक्तीवर बोलण्यासारखं आहे. तरी बोलते, कारण माझं पोट याच्याच आसपास भरतं. एका वित्तसंस्थेत संशयास्पद व्यवहार तपासायचं काम मी करते. संगणक दिवसभर सूचना काढत राहतो, त्यातली कुठली खरी आणि कुठली फुसकी ते ठरवायचं. बहुतेक फुसक्या निघतात. पण सुरुवात वेगळीकडे झाली होती.

शिकत असताना मी शहराच्या पश्चिमेच्या एका पबात रात्रपाळीला होते. मशीनच्या खोलीत काम करायचं तर जबाबदार जुगारसेवेचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. तिथे खुणा पाठ करून घेतात: ग्राहक तासन्‌तास उठत नाही, पुन्हा पुन्हा पैसे काढायला जातो, मशीनवर हात आपटतो. अशा वेळी त्याच्याशी बोला, विश्रांती सुचवा आणि वहीत नोंद करा. आमच्याकडे एक आजीबाई यायच्या. एकदा मी पाळीवर आले तेव्हा त्या बसलेल्या होत्या आणि माझी पाळी संपत आली तरी बसलेल्याच होत्या. मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना चहा नेऊन दे." मी चहा दिला. त्यांनी मशीनवरची नजर न काढता थँक यू म्हटलं. मॅनेजरने वहीत लिहिलं: ग्राहकाशी संपर्क साधला, विश्रांती देऊ केली. खाली वेळ आणि माझी सही. तपासणीला कुणी आलं असतं तर त्या पानावर बोट ठेवायला जागा नव्हती.

कॅसिनोंच्या ‘कंप्लायन्स’बद्दल, म्हणजे नियम पाळण्याबद्दल, बोलायचं झालं की मला ते पान आठवतं. कारण क्राऊनमध्येही कागद कमी नव्हते. मनी लॉन्डरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, रोखायचा कार्यक्रम होता, समित्या होत्या, प्रशिक्षण होतं, संचालक मंडळावर वजनदार माणसं होती. २०१६ साली चीनमध्ये जुगाराचा प्रचार केल्याच्या आरोपावरून त्यांचे १९ कर्मचारी अटकेत गेले तरी इथे फार काही हललं नाही. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने प्रकरण बाहेर काढलं, आणि मग न्यू साउथ वेल्समध्ये निवृत्त न्यायाधीश पॅट्रिशिया बर्गिन यांची चौकशी, मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात रे फिंकेलस्टाइन यांचा आयोग, पर्थला तिसरा आयोग अशी रांग लागली. बर्गिन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला, की सिडनीत नुकताच बांधून झालेला कॅसिनो चालवायला ही कंपनी लायक नाही.

त्या चौकशीतला एक तपशील मला झोप येऊ देत नाही, कारण तो माझ्या कामाचा आहे. क्राऊनच्या साउथबँक आणि रिव्हरबँक नावाच्या दोन छोट्या कंपन्या होत्या. खेळणाऱ्यांनी आपले पैसे त्यांच्या बँक खात्यांत भरायचे. आता ऑस्ट्रेलियात दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड भरली की ऑस्ट्रॅक या सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. म्हणून चोर काय करतो, एकाच दिवशी वेगवेगळ्या शाखांत साडेनऊ, नऊ, पुन्हा साडेनऊ हजार असे भरतो. हे तुकडे बँकेच्या खातेउताऱ्यात एकाखाली एक दिसतात, शाळकरी मुलालाही कळेल. पण कॅसिनोच्या रोखपाल खिडकीवरची, तिला केज म्हणतात, तिथली माणसं हे तुकडे आपल्या संगणकात चढवताना बेरीज करून एकच आकडा टाकत. सोय म्हणून. आणि मनी लॉन्डरिंग शोधणारे लोक बघत होते तो संगणक, उतारा नव्हे. म्हणजे चोराने केलेले तुकडे घरच्याच माणसांनी जोडून गुळगुळीत करून ठेवले आणि पहारेकऱ्याला गुळगुळीतच दिसलं.

यात कुणी लाच खाल्ली नव्हती. कुणी ठरवूनही केलेलं नव्हतं. केजवरच्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं, की तुझ्या त्या वेगवेगळ्या नोंदींतच सगळी गोम आहे. बँकांना मात्र शंका आली होती. एएनझेड बँकेने २०१४ मध्ये रिव्हरबँकच्या खात्यावर बोट ठेवलं. कंपनीने काय करावं? खातं दुसऱ्या बँकेत नेलं. डॉक्टरने साखर वाढली म्हटलं म्हणून डॉक्टर बदलणारे आपल्याकडेही आहेत.

पुढे ऑस्ट्रॅकच्या खटल्यात जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ४५ कोटी डॉलरचा दंड मंजूर केला. त्याआधी २०२२ मध्ये व्हिक्टोरियाच्या नव्या नियामकाने दोन दंड ठोकले होते. आठ कोटींचा पहिला दंड चिनी ग्राहकांची बँक कार्डं हॉटेलच्या बिलाच्या नावाखाली वापरून जुगाराचे पैसे पुरवल्याबद्दल. बारा कोटींचा दुसरा, लोकांना खेळत बसू दिल्याबद्दल. काही जण सलग चोवीस तासांहून जास्त बसले होते. तो आकडा वाचला तेव्हा मला चहाचा कप आठवला. सिडनीच्या स्टार कॅसिनोचीही गत तीच, कार्डांची युक्तीसुद्धा तीच. एकाच वेळी दोन वेगळ्या कंपन्यांना हॉटेलचं बिल सुचावं, याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

आता घरच्या वादाकडे येते.

१९७६ हे वर्ष गंमतीचं आहे. त्या साली महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, आणि त्याच सालचा गोव्याचा कायदा सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा. झालं नेमकं उलट. परवानगी देणारा कायदा महाराष्ट्रात ४७ वर्षं कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्द झाला. बंदी घालणाऱ्या कायद्याला गोव्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनची आणि १९९६ मध्ये बोटींवरच्या टेबलांची खिडकी पाडली गेली, आणि त्या खिडकीतून मांडवीत सहा बोटी आल्या. महाराष्ट्रात रद्द करताना सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण सावंतवाडीच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला कॅसिनो गाठायला अर्धा दिवसही लागत नाही. तेव्हा महाराष्ट्रात कॅसिनो नाही हे कागदावर खरं, एवढंच.

गोव्यातला वाद मी वर्षानुवर्षं वाचते. एका बाजूला नदी, शहराची अब्रू, तरुण पोरं. दुसऱ्या बाजूला महसूल, पर्यटन आणि नोकऱ्या. दोन्ही बाजूंची माणसं खरं बोलतात. माझ्या भावाची टॅक्सी खरी आहे आणि पणजीच्या किनाऱ्यावरचा रात्रीचा दिव्यांचा धिंगाणाही खरा आहे. मध्ये जीएसटीचा वाद येऊन जातो: २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण रकमेवर २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. पण बोट कुठे नांगरायची आणि कर किती घ्यायचा यापलीकडे, त्या बोटीवर रात्री दोन वाजता रोकड घेऊन आलेल्या माणसाला कोण काय विचारतं, हा प्रश्न मला क्वचितच वाचायला मिळतो. कायदा नाही असं नाही. मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याखाली भारतातले कॅसिनोही येतात. ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी ठेवणं, संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला, कळवणं त्यांना बंधनकारक आहे. वाद मात्र दारापाशी थांबतो.

दारापाशी काय आहे, तर गोवेकरांना बंदी. २०१२ च्या दुरुस्तीत ती आली, सोबत गेमिंग कमिशनर नेमायची तरतूद आली, आणि दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात यायला २०२० चा फेब्रुवारी उजाडला. कमिशनर म्हणून अधिकार कुणाला दिले? व्यावसायिक कर आयुक्तांना. मला त्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल काही म्हणायचं नाही, खुर्चीबद्दल म्हणायचं आहे. ज्या खात्याचं वर्षभराचं यश गोळा झालेल्या करावर मोजलं जातं, त्याच खात्याने टेबल बंद पाडायचं? मॅनेजरचा बोनस मशीनच्या गल्ल्यावर ठरत असताना आजीबाईंना उठवायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकण्यातला हा प्रकार आहे. आमच्या पबात तसंच होतं. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही चहाच पाठवला असता.

आणि इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं कुणी समजू नये. पर्थच्या चौकशीत निघालं, की कॅसिनोवर देखरेख करणाऱ्या खात्यातला वरिष्ठ अधिकारी कॅसिनोच्याच माणसांबरोबर सुट्टीला मासे धरायला जात असे. (मालवणी माणसाला मासेमारीतली मैत्री समजते, पण तरीही.) व्हिक्टोरियातला जुना नियामक इतका मवाळ निघाला की तो मोडीत काढून १ जानेवारी २०२२ पासून नवा आणावा लागला. तोवर वर्षानुवर्षं आढावे होत होते, शिफारशी होत होत्या, कंपनी त्या पूर्ण झाल्याचं कळवत होती.

मग बदललं काय? मला विचाराल तर कागद सगळ्यात कमी बदलला. फिंकेलस्टाइन यांनी परवाना लगेच काढून घेतला नाही, हजारो नोकऱ्यांचा प्रश्न होता. इथेही माझा भाऊ जिंकला म्हणायचा. त्याऐवजी दोन वर्षांसाठी कंपनीच्या डोक्यावर एक विशेष व्यवस्थापक बसवला, ज्याला कुठलीही खोली उघडता येत होती आणि कुठलाही कागद मागता येत होता. आणि कायद्याची दिशा फिरवली. एरवी परवाना काढायचा तर सरकारने कारण सिद्ध करायचं. इथे उलट: दोन वर्षांनी नियामकाची स्पष्ट खात्री पटली नाही तर परवाना आपोआप गेला. मार्च २०२४ मध्ये ती पटली आणि परवाना राहिला. तोवर जुने मालक जाऊन कंपनी ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूकदारांकडे आली होती.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. डिसेंबर २०२३ पासून क्राऊन मेलबर्नमध्ये पोकी मशीनवर कार्डाशिवाय खेळता येत नाही आणि किती पैसे घालवणार हे आधी ठरवावं लागतं. पूर्वी आजीबाई किती वेळ बसल्या हे माझ्या नजरेवर आणि मॅनेजरच्या मर्जीवर होतं, आता यंत्र मोजतं. पबांच्या मशीनच्या खोल्याही २०२४ च्या ऑगस्टपासून पहाटे चार ते दहा बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे माझी ती पाळी आता निम्मी झाली असती. तरी यंत्राने मोजलेलं कुणीतरी वाचावं लागतं, आणि वाचून ‘नाही’ म्हटल्यावर त्याची नोकरी टिकावी लागते. सूचना बंद करताना माझ्यावर कधी थेट दबाव आला नाही. पण ‘हा ग्राहक मोठा आहे, जरा बघून लिही’ असं वाक्य मी ऐकलं आहे आणि जरा बघून लिहिलंही आहे. नंतर आमच्याकडे तपासनीसांची तक्रार विक्रीच्या साहेबाला वगळून थेट संचालक मंडळाच्या समितीकडे जायला लागली, तेव्हा ते वाक्य ऐकू येणं बंद झालं. साहेब तेच होते.

म्हणून ग्रुपवर मावशीला मी सांगते, की बंदीच्या बाजूने मत द्यायचं तर जरूर दे, पण जोवर बोटी तिथे आहेत तोवर एवढं विचार: गेमिंग कमिशनर कर खात्याबाहेरचा कधी होणार? एका कॅसिनोला वर्षभरात काय तंबी दिली, ते तो जाहीर करणार का? सिंगापूरने परदेशी पाहुण्याला मोकळं सोडून आपल्याच नागरिकांना दिवसाला दीडशे सिंगापुरी डॉलर प्रवेशकर लावला आणि घरच्यांनी अर्ज केला तर माणसाला दारातच अडवायची सोय ठेवली. आपल्याला तसली अर्जाची सोय नको का? मावशी अंगठा पाठवते. भाऊ म्हणतो, ताई, दारावर आता कडक आहे, आधार बघतात.

बघतात हे खरं आहे. माझी वहिनी गोव्यातल्या पेडण्याची. माहेरी असताना तिला कॅसिनोची दारं बंदच असती. लग्नानंतर आधारवर सावंतवाडीचा पत्ता आला. गेल्या दिवाळीत भावाच्या एका गिऱ्हाइकाने दोन पास दिले, तेव्हा दारावरच्या मुलाने तिचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हसून म्हणाला, वेलकम टू गोवा.