१२.९ चा बोल्ट गॅल्व्हनाइज करून शेडला लावायचा? अजिबात नाही!

परवा रात्री दापोलीहून भाऊजींचा फोन आला. आंब्याच्या पेट्यांसाठी नवीन शेड घालतायत, २०२० च्या निसर्ग वादळात जुन्या शेडचे पत्रे गेले होते म्हणून यावेळी नट-बोल्टात तडजोड नाही असं ठरवलंय, इथपर्यंत ठीक. पण पुढे म्हणाले, "फॅब्रिकेटरला सांगितलंय, सगळे १२.९ आण आणि गॅल्व्हनाइजिंगला टाक." (१२.९ हा बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला ताकदीचा नंबर, आणि गॅल्व्हनाइजिंग म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर.) कुठून आलं हे? "दुकानदार तुम्हाला असं फसवतात" नावाचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो दोनदा येऊन गेलाय. मी १४ वर्षं भोसरीत स्ट्रक्चरलच्या कामाला बोल्ट खरेदी करतोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: "डोक्यावरचा नंबर जितका मोठा तितका बोल्ट चांगला. १२.९ घ्या, वर हॉट डिप करून घ्या, ना गंजणार ना तुटणार."

हॉट डिप म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं गॅल्व्हनाइजिंग. यात सगळ्यात घातक सल्ला हाच. आधी नंबर समजून घ्या. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ८०० न्यूटन प्रति चौरस मिमीला तुटणार, आणि ८ × ८ × १० म्हणजे ६४० ला कायमचा ताणला जाणार. १२.९ चं तेच १२०० आणि १०८०. ताकद जास्त आहे, मान्य. पण तुटण्याआधी ४.६ चा बोल्ट निदान २२ टक्के लांबतो, ८.८ चा १२ आणि १२.९ चा फक्त ८. म्हणजे नंबर वाढला की पोलाद कडक होतं आणि सहन करायची तयारी कमी होते. १२.९ मुख्यतः मशिनमध्ये, साच्यांमध्ये अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) म्हणून लागतो. शेडच्या कामाचा तो नाहीच.

आता त्याला गॅल्व्हनाइज करायचं म्हणजे आधी गंज काढायला अ‍ॅसिडमध्ये बुडवणार. त्यात हायड्रोजन तयार होतो आणि कडक पोलादात शिरतो. टाइट करताना बोल्ट एकदम व्यवस्थित वाटतो, पाना फिरतो, सगळे खुश होऊन घरी जातात, आणि काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी तो ताणाखाली असतानाच फाटकन तुटतो, आधी वाकत नाही की कसली खूण दाखवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये हायड्रोजनमुळेच असे रॉड तुटले. तीन इंची, गॅल्व्हनाइज केलेले, साधारण १०.९ च्या ताकदीचे ९६ अँकर रॉड ताणले आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. तिथे इंजिनिअर होते, तपासणी होती, कागद होते, तरी हे झालं आणि १२.९ तर त्याहून कडक. हॉट डिपच्या बोल्टांचं आयएसओ १०६८४ हे स्टँडर्डसुद्धा १०.९ च्या वर जात नाही. दापोलीतला फॅब्रिकेटर हे कशाच्या जोरावर करणार?

आणि एक साधी गोष्ट. एम१६ (१६ मिमी जाडीचा) ४.६ चा साधा बोल्टसुद्धा ओढून तुटायला सहा टनांच्या वर जोर लागतो. निसर्गनंतर मी स्वतः तिथे गेलो होतो, पर्लिनवर (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांवर) जे-बोल्ट, म्हणजे आकड्यासारखे वाकवलेले बोल्ट, जागच्या जागी होते, पत्रा भोकापाशी फाटून गेला होता. बोल्टाचा नंबर वाढवून ते थांबलं नसतं. तिथे रुंद वायसर लागतो, बोल्ट एकमेकांच्या जवळ लावावे लागतात, कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना तर जास्तच.

"चकचकीत बोल्ट घेऊ नका." हे अर्धं खरं आहे, कबूल करावं लागतं. चकाकणारं झिंक प्लेटिंग साधारण पाच ते आठ मायक्रॉन असतं, खाऱ्या हवेत ते पटकन जातं. हॉट डिपचा थर ४०-५० मायक्रॉन किंवा जास्त, दिसायला खरखरीत आणि राखाडी. पण मग नटाचे आटे त्या थरासाठी मोठे काढलेले लागतात, साधा नट त्यावर चढतच नाही. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

"स्टेनलेस सगळ्यात मजबूत." नाही. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट, ए२-७०, सातशेला तुटतो, म्हणजे ८.८ च्या खाली. समुद्राकाठी ३०४ वर (ए२ चं स्टेनलेस हेच) डाग पडतात ते वेगळंच.

"पाच सूत आणि १६ एमएम एकच." पाच सूत म्हणजे ५/८ इंच. जाडी जवळपास सारखी, आटे वेगळे. नट दोन-तीन आटे जातो आणि अडकतो, मग कुणीतरी पान्याला पाइप लावून तो जबरदस्तीने फिरवतो आणि आटेच खाऊन टाकतो. "पाइप लावून जितका टाइट तितका चांगला" हेही त्याच मेसेजमध्ये आहे, त्यावर वेगळं लिहायची गरज वाटत नाही.

८.८ चा बोल्ट १२.९ इतका कडक नसतो, त्याला हॉट डिप चालतं. म्हणून भाऊजींना मी ऑर्डर अशी लिहून दिली: एम१६ × ५० (लांबी ५० मिमी), हेक्स म्हणजे षटकोनी डोक्याचा, ८.८, हॉट डिप, त्याच कंपनीचा मोठ्या आट्यांचा क्लास ८ (८.८ च्या जोडीचा) नट, प्रत्येकी एक वायसर, किलोवर नाही तर नगावर. लांबी डोक्याच्या खालून मोजायची. डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण कोरलेली नसेल तर पोतं परत. १२.९ ची ऑर्डर त्यांनी काल सकाळी रद्द केली, बोल्ट अजून अ‍ॅसिडमध्ये गेले नव्हते.