कव्हर घेण्याआधी वॉरंटीचे कागद काढा

ब्रिटनमध्ये प्रत्येक घराला बॉयलर कव्हर (घर आणि पाणी गरम करणाऱ्या बॉयलरच्या दुरुस्तीचा विमा किंवा योजना) हवंच, असं एका लेखात वाचलं; ते मत सरसकट पटत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याने राहत असाल तर एक पौंडही देऊ नका. 1985च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याप्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाकडेच असते. नवीन आलेल्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

स्वतःचं घर असेल तर आधी वॉरंटी तपासा. नव्या बॉयलरला बऱ्याचदा 5 ते 10 वर्षांची असते, पण दरवर्षी गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून सर्व्हिसिंग करून नोंद ठेवली नाही तर ती हातची जाते. वॉरंटी संपलीय आणि घरात तान्हं मूल किंवा म्हातारे आईवडील आहेत, तर कव्हर जरूर घ्या. फक्त अटी नीट वाचा: रेडिएटरमधला गाळ, क्षार, आधीपासूनचा बिघाड बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो.

आणि कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला, तर फोन करण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचा, बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडणारा प्लॅस्टिकचा पातळ पाइप बघा. बऱ्याचदा त्यातलं पाणी गोठलेलं असतं. वरून कोमट पाणी ओता (उकळतं नको!) आणि रीसेटचं बटण दाबा.