ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, वकील सहाव्या महिन्यात

गेल्या आठवड्यात नाशिकच्या अंबडहून एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. मुलगा गुजरातेत तेलविहिरीवर कामाला आहे, पायावर पाइप पडला, दवाखान्यात आहे. ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन खाटेशेजारी बसलाय. "ताई, सही करू का गं?" एवढंच त्या विचारत होत्या. मी ऑफिसात होते, समोर खातेदार उभे होते, तरी उठून बाहेर गेले आणि फोनवर ओरडलेच, करू नका म्हणून. ही पोस्ट त्या फोनमुळे लिहितेय. मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरात हे 2021 साली घडलं. माझा धाकटा भाऊ त्र्यंबक रोडच्या आयटीआयचा फिटर. सातपूरमध्ये वर्षभर हेल्परकी केली, नऊ-दहा हजारांच्या वर पगार सरकेना. मित्राच्या ओळखीनं गुजरातेत मेहसाण्याला रिगवर, म्हणजे तेलविहिरीच्या यंत्रावर, लागला. बावीस हजार मिळायचे, जेवण-राहणं त्यांचं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात तेलाच्या कामावरच्या माणसांचं पी-305 बार्ज, म्हणजे सपाट तळाचं जहाज, बुडालं. 261 माणसं होती, 186 वाचली. आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. म्हणाली, आपला निदान जमिनीवर आहे, समुद्रावर नाही. सप्टेंबरात जमिनीवरच झालं.

विहिरीतून पाइप उपसायचे असतात तेव्हा एकेक जोड सोडवायला मोठी लोखंडी पकड लावतात, तिला हे लोक टाँग म्हणतात. पहाटे चारचा सुमार, बारा तासांची पाळी, पावसानं फळी निसरडी झालेली. टाँगचा दांडा फिरला आणि उजव्या हाताची तीन बोटं दांडा आणि पाइपमध्ये सापडली. तर्जनी, मधलं आणि त्याच्या शेजारचं. अंगठा आणि करंगळी राहिली.

मी द्वारका सर्कलवरून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, सकाळी अहमदाबाद, तिथून मेहसाणा. वॉर्डात पोचले तेव्हा भाऊ औषधांच्या गुंगीत होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला निळी शाई. मला आधी वाटलं, औषधाचा डाग आहे. ओल्या रुमालानं पुसायला लागले तर तो म्हणाला, "ताई, अंगठा घेतला त्यांनी. पैसे मिळतील म्हणाले."

कागद गुजरातीत होता. त्याला वाचता येत नाही, मलाही नाही. ठेकेदाराचा माणूस बाहेर बाकावर बसला होता, अगदी नम्र. "ताई, तुम्ही समजूतदार आहात. दवाखान्याचं सगळं आम्ही करतोय. वरून सत्तर हजार देतो, बरा झाला की हलकं काम देतो. कोर्टकचेरीत काय आहे?" मी खरं सांगते, त्या क्षणी मला तो देवमाणूस वाटला. चहा पाजला त्यानं मला.

सहा महिने गेले. पन्नास हजार आले, वीस आलेच नाहीत. हलकं काम तर नाहीच नाही. फोन उचलणं बंद. मग शेजारच्या एका रिटायर्ड कामगार काकांनी सांगितलं, सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात जा, विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर, फुकट वकील मिळतो. मी गेले ते संकोचातच. फुकट वकील म्हणजे दारिद्र्यरेषेचा दाखला मागतील असं वाटलेलं. तसं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, त्याच्या कलम 12 मध्ये औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. उत्पन्न किती हा प्रश्नच नाही. बाई असेल, अपंग असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, त्यांनाही तसंच. वकिलाची फी नाही, कागदपत्रांचा खर्च नाही.

तिथल्या वकीलबाईंनी तो गुजराती कागद हातात घेतला, एका ओळखीच्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "यात लिहिलंय की यापुढे माझा काही दावा नाही. पण याला किंमत नाही." तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 चा, लागू होता, त्याचं कलम 17 सांगायचं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल. आपसात रक्कम ठरली तरी तो समझोता या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. खाटेवर घेतलेला अंगठा कुठे नोंदवला होता? मी तिथंच रडले. सहा महिने मी मनात त्याला दोष देत होते की का दिलास अंगठा.

मग हिशेब. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, व्याज काढण्यात माझी हयात गेली, तरी हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराच्या 60 टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. जितकं वय कमी तितका आकडा मोठा. भाऊ 24 चा, त्या वयाला तो 218.47 आहे. पगार त्याहून कितीही जास्त असो, तेव्हाच्या 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे 15,000 च धरायचा. म्हणजे 9,000 गुणिले 218.47, झाले 19,66,230. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात 30 टक्के लिहिलेत. त्याचे झाले 5,89,869 रुपये.

मालकानं वेळेत दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज. मी सवयीनं तिथल्या तिथं काढलं: 70,784. एका वर्षाचं व्याज. जो माणूस मला चहा पाजून सत्तर हजार देत होता, तो आमच्या पैशांचं वर्षभराचं व्याजसुद्धा पूर्ण देत नव्हता.

इथं थोडं थांबते, कारण या आकड्यावरही माझा राग आहे. त्याला बावीस हजार मिळत होते, हिशेब पंधरावर का? आणि तक्ता बोटं मोजतो, धंदा मोजत नाही. उजव्या हाताची ही तीन बोटं नसलेला फिटर नट कसा धरणार, फाइल कशी ओढणार? 1975 साली सुप्रीम कोर्टात एका सुताराचा खटला गेला होता, डावा हात कोपराच्या वरून गेलेला. कोर्टानं म्हटलं, एका हातानं सुतारकाम होत नाही, त्याची कमावण्याची ताकद पूर्णच गेली, भरपाई पूर्ण द्या. आणि भरपाईचं देणं अपघाताच्या दिवशीच लागू होतं, हेही त्याच निकालात आहे. आमच्या वकीलबाईंनी तो निकाल दाखवला. आमच्या केसमध्ये कोर्ट 30 वरच थांबलं. मला ते आजही पटलेलं नाही.

दावा कुठं लावायचा, ही आणखी एक भीती होती. दर तारखेला मेहसाण्याला कोण जाणार? तेही खोटं निघालं. अपघात कुठंही होवो, जखमी माणूस जिथं राहतो तिथंही दावा लावता येतो. आमचा नाशिकच्या कामगार न्यायालयात लागला. दोन वर्षांची मुदत असते, ती तेवढी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ठेकेदारानं पहिल्याच जबाबात लिहिलं: हा आमचा माणूसच नाही. ज्याच्या दवाखान्याचं बिल भरलं, ज्याचा अंगठा घेतला, तो यांचा माणूस नाही. तेव्हा भावाच्या ट्रंकेतले कागद कामाला आले. रिगवर जायच्या आधी खाण कामगारांचं प्रशिक्षण होतं, त्याचं एमव्हीटी कार्ड. गेटपास. पीएफच्या पासबुकात ठेकेदाराचं नाव. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच रात्रीची हजेरी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे टूलबॉक्स टॉकचा कागद. पाळी सुरू व्हायच्या आधी सुरक्षेच्या सूचना देतात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. त्याच्या एका सोबत्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. खालून चौथी सही माझ्या भावाची, उजव्या हातानं केलेली, लफ्फेदार. त्यानं उजव्या हातानं केलेली शेवटची सही ती. कोर्टात तो फोटो दाखवला तेव्हा तो खाली बघत होता.

ठेकेदाराचा दुसरा मुद्दा, मुलगा निष्काळजी होता. निष्काळजीपणानं भरपाई बुडत नाही. दारू प्यायला होता, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, असं काही मालकानं सिद्ध करावं लागतं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेही कारण चालत नाही. शिवाय भरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे ज्या मोठ्या कंपनीची विहीर, तिलाही जबाबदार धरता येतं, ठेकेदाराकडून वसूल करणं हे त्यांचं त्यांनी बघावं. आम्ही दोघांनाही पार्टी केलं. बहुतेक त्यामुळेच पैसे जमा झाले, नाहीतर ठेकेदार ऑफिसची पाटी काढून मोकळा झाला असता.

अडीच वर्षं लागली. भरपाई मिळाली, व्याज मिळालं, दिलेले पन्नास हजार वळते झाले. 50 टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो, तो लागला नाही.

आता माझं म्हणणं. कायदा वाईट नाही. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, पण बराचसा कामगाराच्या बाजूनं लिहिलेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, मृत्यूला 50 आणि पूर्ण अपंगत्वाला 60 टक्के हे मूळ सूत्र तिथंही तेच आहे. अडचण वेळेची आहे. ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी खाटेजवळ पोचतो. मदत करणारा सहाव्या महिन्यात भेटतो, तोही शेजारच्या काकांना माहीत होतं म्हणून.

आणि वकील स्वतःहून येणार कसा? अमेरिकेत तेलाच्या कामात जखमी झालेल्यांसाठी वकिलांच्या पाट्या रस्त्यावर लागलेल्या असतात, जिंकलो तर टक्केवारी घेऊ म्हणून. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि निकालावर टक्का ठरवताही येत नाही. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण मग दवाखान्यात पडलेल्या पोराला वकिलाचं नाव कळणार कुठून? ती पोकळी दलाल भरतात. "तीस टक्के द्या, केस काढून देतो" म्हणणारे आम्हालाही दोन भेटले होते, एक तर कामगार न्यायालयाच्या आवारातच. म्हणून मला वाटतं, हे काम विधी सेवा प्राधिकरणानंच करायला हवं. जाहिरातीची बंदी वकिलांना आहे, त्यांना नाही. हाडांच्या प्रत्येक वॉर्डात 15100 हा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लावा. मराठीत, हिंदीत, आणि जिथं आपली पोरं जातात तिथं गुजरातीत.

दुसरं, आयटीआय. दोन वर्षं फिटर ट्रेड शिकवतात, व्हर्निअर कसा वाचायचा, गॉगल का घालायचा. एक तास हा कायदा शिकवा. एकच तास. मी त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये जाऊन हे बोलले, ऐकून घेतलं त्यांनी, बघू म्हणाले. दर वर्षी तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांतली किती रिगवर, किती आखातात, किती सिन्नर-गोंद्याला जातात! निघताना एमव्हीटी कार्ड म्हणजे काय, टूलबॉक्स टॉकचा फोटो का काढून ठेवायचा, एवढं कळलं तरी पुष्कळ.

एक खुलासा करते, कारण कमेंटमध्ये विचारलं जाईलच. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ज्यांचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो, त्यांचा रस्ता वेगळा. त्यांना हा दावा करता येत नाही, अपंगत्वाचे पैसे ईएसआयकडूनच मिळतात, दरमहा, आयुष्यभर. त्यासाठी अपघाताची नोंद मालकानं ईएसआयला केलीय का ते पहिल्या आठवड्यात बघा. अपघात "घरी पडला" म्हणून दवाखान्यात लिहिला गेला की पुढचं सगळं अवघड होतं. तेलाच्या विहिरी तेव्हा खाण कायद्याखाली येत असल्यानं तिथं ईएसआय नसायचा, म्हणून भावाची केस या बाजूनं गेली.

मोठा अपघात झाला की पेपरला येतो. 27 जुलै 2005 ला समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात आग लागली, 22 माणसं गेली, अख्ख्या देशाला कळलं. ती आग कशी लागली माहितेय? जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली गेली होती, त्याला उपचारासाठी तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं आणि खवळलेल्या समुद्रात ते धडकलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आगीपेक्षा त्या आचाऱ्याचाच विचार मनात येत राहिला. त्याच्या बोटांचं पुढं काय झालं असेल, कुणी विचारलं असेल का?

भाऊ आता पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझरच्या हाताखाली नोंदी ठेवतो. डाव्या हातानं लिहितो. तीन महिने रोज रात्री दुरेघी वहीत गिरवायचा, आई शेजारी बसायची. कोर्टात पैसे घ्यायच्या दिवशी कारकुनानं सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. भावानं तो परत सरकवला आणि पेन मागितलं.

अंबडच्या काकूंना मी रविवारी घेऊन बसले, कागद बघितला, सोमवारी सीबीएसला गेलो. त्यांच्या मुलाच्या खाटेशेजारचा माणूस अजून येतोय म्हणे. येऊ दे. तुमच्या ओळखीत कुणी असं दवाखान्यात असेल, कुठल्याही विहिरीवर, कुठल्याही कारखान्यात, तर सहीआधी मला कागदाचा फोटो पाठवा. मी वकील नाही, पण कुणाकडे जायचं ते सांगू शकते. संध्याकाळी सहानंतर घरी असते. कागद गुजरातीत असला तरी पाठवा.