दोनशे रुपयांची कपात

1972च्या दुष्काळाचं आजीकडून मी एकच चित्र ऐकलं. पाझर तलावाच्या कामावर दिवसभर खडी फोडायची आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. एप्रिल 2020मध्ये, कोरोनाच्या काळात, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या घरात रिकामा बसलो असताना मला ती सुकडी आठवली. कारखाना जवळजवळ बंद होता, महिन्यात चारच दिवस काम होतं, आणि तरीही घरभाडं वेळेवर गेलं.

इथे याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. कंपनीकडे काम नसेल तर ती माणसं काढण्याऐवजी तास कमी करते. बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के, घरात मूल असेल तर 67 टक्के, सरकारी रोजगार संस्था भरून देते. त्या एप्रिलमध्ये सुमारे 60 लाख लोक यावर होते. पैसा कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीचा. चांगल्या वर्षांत साठत साठत 2019अखेर तो सुमारे 26 अब्ज युरो झाला होता. संकट आलं तेव्हा संसदेने जुन्या कायद्याच्या अटी तेवढ्या सैल केल्या.

हे शहाणपण या देशाला जन्मजात नव्हतं. 1930 ते 1932मध्ये चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांनी ऐन मंदीत वटहुकूम काढून पगार आणि भत्ते कापले. 1932च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांवर गेले आणि पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. कारणं इतरही होती, पण धोरणाने मंदी खोल केली आणि मंदीने राजकारण नासवलं, हे इथे शाळेत शिकवतात.

तरीही 2009मध्ये, आर्थिक संकटाच्या धक्क्यात, याच देशाने राज्यघटनेत कर्जमर्यादा घातली: केंद्राची रचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट, जीडीपीच्या 0.35 टक्क्यांपर्यंतच. मंदीत थोडी मोकळीक आहे, पण पूल आणि रेल्वेमार्ग दुरुस्तीवाचून राहिले. नोव्हेंबर 2023मध्ये घटना न्यायालयाने याच मर्यादेवर बोट ठेवून 60 अब्ज युरोंची तरतूद रद्द केली. वर्षभरात, अर्थव्यवस्था सलग दुसऱ्या वर्षी आक्रसत असताना, अर्थसंकल्पाच्या वादावरून आघाडी सरकार कोसळलं. मार्च 2025मध्ये शेवटी घटनाच बदलून अशा पायाभूत कामांसाठी 500 अब्ज युरोंचा निधी उभारला.

रविवारी दादाशी फोनवर बोलताना विषय ‘लाडकी बहीण’वर येतोच. जुलै 2024पासून महिन्याला 1500 रुपये. दादा म्हणतो, तिजोरी रिकामी केली. वहिनी मागून म्हणते, पहिल्यांदाच माझ्या नावावर पैसे आले. वहिनीचं मला पटतं, मनापासून पटतं. पण दुष्काळ पडला, चाकणच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या, तर ही रक्कम आपोआप वाढणार नाही आणि सुगीच्या वर्षी त्यासाठी काही बाजूलाही पडत नाही. ती निवडणुकीच्या तोंडावर ठरली, तर निवडणुकीनंतर तिच्यावर कात्रीही चालू शकते. ही धास्ती वहिनीने का बाळगावी?

मला खरी खंत वाटते ती याची की महाराष्ट्राला याचं उत्तर जर्मनीकडून घ्यावं लागत नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, दुष्काळात तो राज्यभर गेला आणि 1977मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागा, सरकारने ते द्यायचंच. म्हणजे खर्च संकटाबरोबर वाढतो आणि पाऊस झाला, शेतात कामं निघाली की मजूर आपणच परततात. त्यासाठी 1975मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, आणि तेवढीच भर राज्याने घालायची ठरली. शहराच्या पगारातून गावच्या वाईट दिवसांची तरतूद! 2005च्या केंद्राच्या कायद्याने हीच कल्पना देशभर नेली.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला लागलाय. पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले पाहून त्याने मला विचारलं, “काका, हे कशाचे?” मी त्याला आजीपासून सुरुवात करून सांगितलं.